पाय पाळण्यात दिसले होते, मग पुढं काय झालं? वाया गेलेल्या बॉक्सरांबद्दल नेहमी येणारे प्रश्न

बॉक्सिंगवर काही लिहिलं की जे मेसेज येतात ते जिंकलेल्यांबद्दल फार कमी असतात, "तो अमका होता ना, जबरदस्त मारायचा, त्याचं पुढं काय झालं हो?" असलेच जास्त. तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो म्हणून सगळे प्रश्न एका ठिकाणी घेतलेत. क्रमानं वाचलंच पाहिजे असं नाही, एकाचं उत्तर दुसरीकडे असेल तिथं नंबर दिलाय.

१. वाया गेलेला बॉक्सर म्हणजे नक्की कोण? वर्ल्ड चॅम्पियन झाला नाही की वाया गेला असं धरायचं का?

तसं धरलं तर जवळजवळ सगळेच वाया गेलेले निघतील. मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो, वाया जाणं आणि राहून जाणं. वाया गेला म्हणजे सगळं हातात होतं आणि स्वतःच्या करणीनं घालवलं. राहून गेलं म्हणजे शरीरानं, जजनी, प्रमोटरनं (फाइट भरवून पैसे कमावणारा) नाहीतर नुसत्या वेळेनं दगा दिला. आपल्याकडे दोघांनाही सरसकट "वाया गेला" म्हणून मोकळे होतात आणि माझं सगळं भांडण तिथंच आहे. तिसरा पण एक प्रकार असतो, मुळात तेवढं नव्हतंच, आपणच पोराला डोक्यावर घेतलं होतं. त्यात त्याचा काय दोष.

२. एकच नाव सांगा, सगळ्यात चुटपुट लावणारं.

हॉवर्ड डेव्हिस ज्युनियर, आणि यावर मी वाद घालायला तयार आहे.

१९७६ चं मॉन्ट्रियल ऑलिम्पिक. अमेरिकेनं बॉक्सिंगमध्ये पाच गोल्ड मारले, शुगर रे लेनर्ड, लिऑन स्पिंक्स, मायकल स्पिंक्स, लिओ रँडॉल्फ आणि हा डेव्हिस. स्पर्धेतला सगळ्यात सरस बॉक्सर म्हणून व्हॅल बार्कर ट्रॉफी मिळते, ती लेनर्डला नाही मिळाली, डेव्हिसला मिळाली. त्यात स्पर्धा सुरू व्हायच्या काही दिवस आधी त्याची आई वारली होती, तशा मनःस्थितीत पोरगं खेळलं. पुढं काय झालं तर बाकीचे चारही जण प्रो म्हणजे पैसे घेऊन लढणारे होऊन वर्ल्ड चॅम्पियन झाले, लिऑन स्पिंक्सनं तर आठव्याच फाइटमध्ये अलीला हरवलं, अहो त्याच टीममधला ब्राँझवाला जॉन टेटसुद्धा हेवीवेट चॅम्पियन झाला. फक्त डेव्हिस नाही.

संधी मिळाली नाही असं पण नाही, तीनदा मिळाली. १९८० मध्ये जिम वॉटविरुद्ध त्याच्याच ग्लासगोत जाऊन, पॉइंटवर हरला. १९८४ मध्ये एडविन रोसारिओविरुद्ध प्वेर्तो रिकोत, ही खरी जिव्हारी लागणारी, कारण शेवटच्या राऊंडचे शेवटचे काही सेकंद उरलेले असताना हा खाली पडला आणि निकाल स्प्लिट डिसिजननं (दोन जज त्याच्याकडे, एक याच्याकडे) गेला, उभा राहिला असता तर चित्र वेगळं असतं. १९८८ मध्ये बडी मॅकगर्टनं पहिल्याच राऊंडमध्ये संपवलं, तोवर वय निघून गेलं होतं. माझं मत विचाराल तर हात विजेसारखे होते पण एका पंचात समोरच्याला झोपवायची ताकद नव्हती, आणि पंधरा राऊंडच्या जमान्यात समोरचा माणूस दबकत नसेल तर नुसत्या वेगावर किती वेळ काढणार. दारू नाही, जेल नाही, भानगड नाही. राहून गेलं, बस. नंतर कोच झाला, २०१५ च्या डिसेंबरात कॅन्सरनं गेला.

३. ऑलिम्पिक गोल्ड असूनही प्रो मध्ये का चालत नाहीत?

खेळ दिसायला एक, पण आतून दोन आहेत. अमॅच्युअरमध्ये (म्हणजे ऑलिम्पिकसारख्या हौशी बॉक्सिंगमध्ये) तीन-चार राऊंड, डोक्याला हेडगार्ड (पुरुषांचं १९८४ नंतर बरीच वर्षं होतं), आणि कॉम्प्युटर स्कोअरिंगच्या काळात तर पाच जजपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच पॉइंट. मग पोरं काय शिकली, तर लांबून टपली मारायची आणि पळायचं, पोटात मारलेल्याला कोण विचारतंय. प्रो मध्ये मोठ्या फाइटला बारा राऊंड असतात आणि पोटात बसलेल्या पंचाची वसुली आठव्या राऊंडला होते.

इंग्लंडचा ऑड्ली हॅरिसन बघा. २००० सिडनीला सुपर हेवीवेट गोल्ड, लगेच बीबीसीबरोबर मोठा करार, सगळा देश टीव्हीपुढं. समोर कोण आणले तर कोणीही, वर्षामागून वर्षं. पहिला तोलामोलाचा माणूस आला, डॅनी विल्यम्स, २००५ साली, तिथं हरला. २०१० मध्ये डेव्हिड हेविरुद्ध वर्ल्ड टायटलची फाइट मिळाली तेव्हा तिसऱ्या राऊंडमध्ये खेळ खलास, आणि त्या अख्ख्या फाइटमध्ये त्याचा धड एकच पंच लागला. लोक त्याला अजून हसतात. मला तो प्रश्न १ मधला तिसरा प्रकार वाटतो, गोल्ड खरं होतं पण त्यावरून केलेला हिशोब चुकीचा होता.

४. डेव्हिड रीड कुठं गायब झाला? अटलांटाचा तो एक पंच अजून आठवतो.

तो पंच विसरणं शक्यच नाही. १९९६ चं अटलांटा ऑलिम्पिक, फायनल, समोर क्यूबाचा दुव्हेर्गेल, रीड साधारण दहा पॉइंटनं मागे म्हणजे हरल्यातच जमा, आणि तिसऱ्या राऊंडच्या सुरुवातीलाच एक उजवा हात असा बसला की क्यूबन आडवा. त्या वर्षी अमेरिकेचं बॉक्सिंगमधलं एकमेव गोल्ड. फ्लॉइड मेवेदर त्याच टीममध्ये होता, त्याला ब्राँझ.

मग घाई केली. बाराव्या प्रो फाइटला वर्ल्ड चॅम्पियन, १९९९, आणि एका वर्षात, मार्च २००० ला, समोर प्वेर्तो रिकोचा नावाजलेला फेलिक्स त्रिनिदाद. ज्यांनी ती फाइट पाहिली नाही त्यांनी शोधून बघा. तिसऱ्या राऊंडमध्ये रीडनं त्रिनिदादला खाली पाडलं, माझ्या अंगावर काटा आला होता, वाटलं आता हा जातोय वर. सातव्यात रीड एकदा पडला आणि अकराव्यात तीनदा, तरी शेवटपर्यंत टिकला, पण पुन्हा तो रीड कधी दिसला नाही. त्याची एक पापणी खाली लोंबायची, ऑपरेशनं झाली तरी सुधारली नाही, आणि बॉक्सरला एका डोळ्यानं कमी दिसणं म्हणजे त्या बाजूनं येणारा हूक (कोपर वाकवून बाजूनं मारलेला पंच) दिसणारच नाही. २००१ मध्ये थांबला, १७ जिंकल्या, २ हरल्या, वय २८.

याला कोणी वाया गेला म्हटलं की मला राग येतो.

५. मग प्रॉस्पेक्टला (होतकरू बॉक्सरला) हळूहळू वर आणायचं का लवकर? आणि २०-० (वीस जिंकल्या, एकही हरला नाही) रेकॉर्ड असला की भारी समजायचं का?

कुस्ती बघणाऱ्याला हे लगेच कळेल. वस्ताद पोराची जोड बघून कुस्ती लावतो, फार हलका दिला तर पोरगं शिकत नाही, फार भारी दिला तर मोडतं. प्रो बॉक्सिंगमध्ये हे काम मॅचमेकर करतो, फरक एवढाच की त्याला तिकीटं पण विकायची असतात. त्यामुळे २०-० बघितलं की पहिल्यांदा समोरची वीस नावं बघा. यातल्या बऱ्याच जणांचं कामच हरणं असतं, हरायचं पण चार-सहा राऊंड उभं राहून, दुखापत न होता. इंग्लंडचा पीटर बकली तीनशे फाइट खेळला, त्यातल्या २५६ हरला आणि २००८ मध्ये रिटायर झाला तो शेवटची फाइट जिंकून! असल्या माणसांना मी कधी कमी लेखत नाही, त्यांच्या जिवावर कितीतरी चॅम्पियन तयार झालेत. ही नुरा कुस्ती नव्हे, फक्त जोड सोयीची असते.

हॅरिसनला सोप्या जोडी फार दिल्या (प्रश्न ३), रीडला अवघड जोड लवकर दिली (प्रश्न ४). फॉर्म्युला कोणाकडेच नाही.

६. इके इबेआबुची खरंच एवढा चांगला होता का लोक उगाच फुगवतात?

होता. नायजेरियाचा, स्वतःला "प्रेसिडेंट" म्हणवून घ्यायचा. जून १९९७ मध्ये डेव्हिड तुआविरुद्ध बारा राऊंड, दोघांनी मिळून १,७३० पंच टाकले, हेवीवेटमधला तेव्हाचा मोजलेला रेकॉर्ड. ही दोन अवजड माणसं लाइटवेटच्या स्पीडनं भिडली होती. मार्च १९९९ मध्ये ख्रिस बर्ड, तोवर एकही न हरलेला, ज्याला कोणाचा पंच नीट बसतच नाही म्हणून मोठमोठे टाळायचे, त्याला पाचव्या राऊंडमध्ये खलास केलं. २० फाइट, २० विजय.

त्याच वर्षी जुलैमध्ये लास वेगासला अटक, एका बाईवरच्या लैंगिक हल्ल्याच्या केसमध्ये, आणि पुढची बरीच वर्षं तुरुंगात. त्याआधीही, तुआच्या फाइटनंतर काही महिन्यांतच, त्यानं जुन्या मैत्रिणीच्या पंधरा वर्षांच्या मुलाला गाडीत घालून नेलं आणि गाडी पुलाच्या काँक्रीटच्या खांबावर घातली, पोरगं कायमचं जायबंदी झालं. त्याची मानसिक अवस्था ठीक नाही हे आजूबाजूच्या सगळ्यांना दिसत होतं. पण जिंकणारा हेवीवेट म्हणजे दुभती गाय, तिला डॉक्टरकडे कोण नेतो.

७. पण गुन्हेगारांबद्दल हळहळ का वाटून घ्यायची? टोनी आयालाचं पण तुम्ही कौतुक करता.

त्याच्या लेफ्ट हूकचं करतो, त्याचं नाही. टेक्सासच्या सॅन अँटोनियोचा टोनी आयाला ज्युनियर, २२-० त्यातले १९ नॉकआउट, वर्ल्ड टायटलची फाइट ठरल्यात जमा होती, आणि १ जानेवारी १९८३ ला न्यू जर्सीत शेजारच्या घरात घुसून एका बाईवर बलात्कार केला. पस्तीस वर्षांची शिक्षा, सोळाएक वर्षं भोगून १९९९ मध्ये सुटला, परत लढला, पण तो आयाला नव्हताच, २०१५ मध्ये ड्रग्जच्या ओव्हरडोसनं मेला.

अशा गोष्टी सांगताना "केवढं टॅलेंट फुकट गेलं" हे पहिलं वाक्य असतं आणि ती बाई दुसऱ्या वाक्यात पण नसते. हे मला स्वतःला पण लागू आहे, मीही पूर्वी असंच लिहायचो, एका वाचकताईनं झापलं तेव्हा कळलं.

८. वजनाचा एवढा बाऊ का करतात? जरा जास्त खाल्लं तर काय बिघडतं?

अमेरिकेचा हेवीवेट रिडिक बोव. १९९२ मध्ये २३५ पाउंडाचा बोव होलिफिल्डला हरवून जगज्जेता झाला, पंचविशीतला, जॅब (पुढचा हात सरळ लांबवून मारलेला पंच) असा की विचारू नका. वर्षभरात त्याच होलिफिल्डविरुद्ध २४६ चा होऊन आला, हरला. मधल्या काळात डब्ल्यूबीसीनं (वर्ल्ड टायटलचे बेल्ट देणाऱ्या चार मोठ्या संघटनांपैकी एक) लेनॉक्स लुईसशी लढ म्हटल्यावर लंडनमध्ये बेल्ट कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि लुईसबरोबरची फाइट प्रो मध्ये झालीच नाही ती नाहीच. (१९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या फायनलला लुईसनं त्याला दुसऱ्या राऊंडमध्ये हरवलं होतं, तो हिशोब राहिला.) ४३ विजय आणि एक पराभव, हा रेकॉर्ड बघून कोणी अपयशी म्हणणार नाही, पण तीस वय व्हायच्या आत बोलणं अडखळायला लागलं होतं.

उलटा प्रकार डोनाल्ड करीचा. तो खायचा नाही म्हणून गेला. १९८५ मध्ये वेल्टरवेटचा निर्विवाद राजा, लोक लेनर्डशी तुलना करायचे, पण अंग वाढत होतं आणि तो त्या गटाच्या १४७ पाउंडात कोंबून बसवत होता. सप्टेंबर १९८६ मध्ये लॉइड हनिगननं सहा राऊंडनंतर स्टुलावरच बसवला. नंतर वरच्या वजनात एक टायटल मिळालं पण धार गेली ती गेलीच.

९. गोलोटा बोवला धुत होता, मग खाली का मारत होता?

हे गोलोटालाच विचारा! पोलंडचा अँड्र्यू गोलोटा, सोलचा ब्राँझवाला, १९९६ मध्ये बोवविरुद्ध दोनदा लढला, दोन्हीदा पॉइंटवर पुढे होता आणि दोन्हीदा कमरेखाली मारल्याबद्दल डिसक्वालिफाय झाला. पहिल्या वेळी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दंगल पेटली. पुढं चारही मोठ्या बेल्टसाठी एकेकदा खेळला, लुईसनं ९५ सेकंदांत उडवला, बर्डबरोबर बरोबरी, रुइझकडून पॉइंटवर हार, ब्रूस्टरनं मिनिटाच्या आत. भीती हे कारण लोक देतात आणि मला ते पटतं, जिंकायची वेळ आली की हा माणूस दार शोधायचा.

१०. ऐंशीच्या दशकात हेवीवेट बेल्ट दर सहा महिन्याला बदलायचा, ते सगळे एवढे वाईट होते का?

वाईट नव्हते, तेच तर दुःख आहे. ग्रेग पेजनं डिसेंबर १९८४ मध्ये डब्ल्यूबीए या दुसऱ्या संघटनेचा बेल्ट घेतला, पहिल्याच बचावात टोनी टब्सकडे गेला, टब्सच्या पहिल्या बचावात टिम विदरस्पूनकडे, त्याच्याकडून बोनक्रशर स्मिथकडे एका राऊंडमध्ये, आणि तिथून मार्च १९८७ ला टायसननं उचलला. पेजचे हात अलीसारखे चालायचे. पण सुटलेली पोटं, ड्रग्ज, आणि जवळजवळ सगळे एकाच प्रमोटरच्या, डॉन किंगच्या, दावणीला. १९८६ मध्ये वेम्बलीत फ्रँक ब्रूनोला हरवून विदरस्पूनच्या हातात आलं काय, तर ९० हजार डॉलरच्या आसपास. त्यानं नंतर किंगवर केस केली आणि ती पैसे देऊन मिटवली गेली. शेतकऱ्याच्या पोरांना हे सांगावं लागू नये, मालाचा भाव बाजारात कितीही असो, पट्टीवर खर्च वजा होऊन हातात काय येतं ते बघायचं. मग व्यायाम कशाला करायचा असं त्यांना वाटलं तर मी तरी नाक मुरडणार नाही.

११. मेल्ड्रिक टेलर तर चॅम्पियन होता, तो यादीत कसा?

सतराव्या वर्षी ऑलिम्पिक गोल्ड (१९८४), नंतर दोन वजनात वर्ल्ड टायटल, कागदावर उत्तम. पण १७ मार्च १९९० ला चावेझविरुद्ध तीनपैकी दोन जजकडे स्पष्ट पुढे असताना, बाराव्या राऊंडचे दोन सेकंद उरले असताना रेफ्री रिचर्ड स्टीलनं फाइट थांबवली. दोन सेकंद! लोक अजून त्या दोन सेकंदांवर भांडतात, मी नाही भांडत. आधीच्या अकरा राऊंडमध्ये त्यानं जो मार खाल्ला होता त्यात तो संपला होता, पुढं अस्पष्ट बोलायला लागला. चॅम्पियन होऊनही राहून जातं ते असं.

१२. भारतातले कोण?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. दिंको सिंगपासून सुरू करावं लागेल. मणिपूरचा, नेव्हीत होता, १९९८ च्या बँकॉक एशियाडला बँटमवेट गोल्ड, वय एकोणीस, आणि आपल्याला एशियाडमध्ये बॉक्सिंगचं गोल्ड मिळालं ते सोळा वर्षांनी. सिडनी २००० ला पहिल्याच फाइटमध्ये बाहेर. मनगटाच्या दुखापतींनी पुढचं खाल्लं, २०२१ मध्ये लिव्हरच्या कॅन्सरनं ४२ व्या वर्षी गेला. पण मेरी कोमनं ग्लोव्हज घातले ते याचं मेडल बघून, त्यामुळे हिशोब कुठं मांडायचा.

त्याच सिडनीत गुरचरण सिंग क्वार्टर फायनलला १२-१२ बरोबरीत होता, काउंटबॅकवर म्हणजे सगळ्या जजनी दाबलेली सगळी बटणं मोजून हरला. जिंकला असता तर भारताचं बॉक्सिंगमधलं पहिलं ऑलिम्पिक मेडल आठ वर्षं आधी आलं असतं. नंतर तो अमेरिकेला निघून गेला. आणि नशीब बघा, २००८ बीजिंगला अखिल कुमार, हात खाली सोडून खेळणारा, वर्ल्ड चॅम्पियन वोदोप्यानोवबरोबर ९-९ करून त्याच काउंटबॅकवर जिंकला, पुढच्या फाइटला हरला.

विकास कृष्णनं १८ व्या वर्षी एशियाड गोल्ड घेतलेलं. लंडन २०१२ ला त्यानं अमेरिकेच्या एरल स्पेन्सला १३-११ हरवलं, आपण इकडे पेढे खाल्ले, आणि काही तासांत अपिलावर निकाल फिरवून १५-१३ स्पेन्स. विकासनं फार वेळा पकडलं आणि गमशील्ड (दातांवर घालतात ते) मुद्दाम थुंकला असं कारण दिलं. तोच स्पेन्स पुढं वेल्टरवेटचा मोठा चॅम्पियन झाला. विकास टोकियोला दुखऱ्या खांद्यानं उतरला आणि पहिल्या फाइटला संपलं.

१३. विजेंदर या यादीत येतो का?

माझ्या मते नाही. २००८ चं ब्राँझ आहे, ते पहिलं होतं. प्रो झाला तेव्हा तीस वर्षांचा होत आला होता, २०१७ मध्ये वरळीला चीनच्या मायमायतीआलीला हरवलं तेव्हा स्टेडियम दणाणून गेलं होतं, पण जोडी बेताच्याच होत्या (प्रश्न ५). मधे निवडणूक, मधे सव्वा वर्षाची गॅप, आणि मार्च २०२१ मध्ये पणजीत कॅसिनोच्या बोटीवर रशियाच्या लोपसाननं पहिली हार दिली. प्रो मध्ये त्याच्याकडून वर्ल्ड टायटलची अपेक्षा जाहिरातींनी केली होती, बॉक्सिंगवाल्यांनी नाही.

१४. क्यूबाचा स्टीव्हन्सन प्रो झालाच नाही, त्याला काय म्हणायचं?

तीन ऑलिम्पिक गोल्ड, १९७२, ७६, ८०. क्यूबात तेव्हा प्रो बॉक्सिंगवर बंदी होती, अलीशी लढायला डॉलरच्या राशी ओतायला लोक तयार होते, तो गेला नाही. राहून गेलं असेल तर आपलं, बघणाऱ्यांचं. त्याचं काही राहिलं असं त्याला वाटल्याचं दिसत नाही.

१५. उलटं झालेलं कोणी आहे का? म्हणजे सुरुवात भिकार आणि पुढं राजा?

बर्नार्ड हॉपकिन्स. सतराव्या वर्षी तुरुंगात, जवळपास पाच वर्षं, बाहेर येऊन १९८८ ची पहिलीच प्रो फाइट हरला. ४६ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन. पाळण्यातले पाय बघून याच्यावर कोणी पाच रुपये लावले नसते.

१६. साल्वादोर सांचेझ, जेराल्ड मॅकलेलन, टायसन... यादीत का नाहीत?

सांचेझ १९८२ मध्ये २३ व्या वर्षी कार अपघातात गेला तेव्हा तो चॅम्पियन होता, त्याला अपूर्ण म्हणा, वाया नका म्हणू. मॅकलेलन १९९५ मध्ये नायजेल बेनविरुद्धच्या फाइटनंतर मेंदूच्या दुखापतीनं आंधळा झाला आणि आयुष्यभरासाठी बहिणींच्या आधारावर राहिला, त्यावर असल्या गप्पा मारायची माझी इच्छा नाही. आणि टायसनचं नाव दर आठवड्याला कोणीतरी पाठवतंच. विसाव्या वर्षी हेवीवेटचा जगज्जेता झालेला माणूस आहे तो, त्याला इथं बसवायचंच असेल तर प्रश्न १ परत वाचा आणि मग मेसेज करा.